बोलणं एकसष्ट, तलवार आठ

४ जानेवारी, रविवार

नवीन वर्षाचा संकल्प तीन दिवस उशिरा लिहितोय, कारण कंपनीने डायऱ्याच शुक्रवारी वाटल्या. यात माझी काही चूक नाही.

या वर्षी एकच काम. काठी. चैत्रात पोलादपूरकडच्या आमच्या वाडीवरच्या जत्रेला देवाची काठी नाचवायची पाळी यंदा आमच्या घराची आहे. बाबांचा खांदा गवताच्या उडवीवरून पडून निखळला तेव्हापासून त्यांचा तो हात डोक्याच्या वर जात नाही, त्यात जोरही नाही. घरात दुसरा पुरुष मीच. घरच्या माणसाने काठी धरली नाही तर पाळी भावकीतल्या पुढच्या घराला जाते, आणि फिरून आपल्याकडे येईपर्यंत बाबा असतील की नाही, हा विचार मी करत नाही.

थिअरी मला पाठ आहे. उंच बांबू, त्याला रंगीत कापडं गुंडाळलेली, शेंड्याला तुरा. चार बाजूंनी चार जण दोऱ्या धरतात, पण तोल एकट्याचा. बुंधा कमरेच्या पट्ट्यात, मग तळहातावर, आणि ढोल वाजेल तसे पाय. लहानपणापासून बघतोय. म्हणजे निम्मं शिकून झालंय.

बाबांनी प्रॅक्टिससाठी बेटातला सरळ बांबू निवडून एका हाताने तोडला आणि पोलादपूरहून टेम्पोत टाकून महाडला पाठवला. आज पोचला.

संकल्प: रोज पहाटे उठून बांबू. गेम फक्त रविवारी, तोही एक तास.

५ जानेवारी

थंडी फार.

७ जानेवारी

बांबू जिन्यात वळत नाही. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. खालचे काका म्हणाले, पार्किंगमध्ये ठेवू नका, कुणाच्या गाडीच्या काचेत जाईल. शेवटी शेंड्याकडून थोडा कापून घेतला. सुरुवात लहान बांबूने करणं जास्त शास्त्रीय आहे. पोहायला शिकताना आपण थेट सावित्रीच्या पुरात उडी मारत नाही.

बायको, अक्षदा, म्हणाली, "बाबांना सांगा कापला म्हणून." सांगतो.

११ जानेवारी, रविवार

गेम सुरू केला. नियमाप्रमाणे रविवारच.

हा गेम उगाच टाइमपास नाही. यात माणूस घडवावा लागतो. लढणं, लपणं, बोलणं, जडीबुटी गोळा करणं, स्वयंपाक, अशी स्किलं असतात, आणि जे वापराल ते वाढतं. मला तलवारीचा वीर घडवायचाय. नाव दिलं मालोजी. आजोबांचं नाव.

आजोबांनी थोरली काठी नाचवली होती. वाडीवर दोन काठ्या आहेत. धाकटी दर वर्षी निघते. थोरली देवळाच्या आढ्याला आडवी बांधलेली असते, हात बसलेला माणूस मिळाला तरच खाली येते. आजोबांनंतर आमच्या घरातल्या कुणी तिला हात लावला नाही. बाबांनी तीन वेळा पाळी केली, तिन्ही वेळा धाकटी. मलाही धाकटीच. सोपं आहे.

एका तासापेक्षा जरा जास्त झालं. पहिल्या दिवशी सेटिंगमध्येच वेळ जातो.

१८ जानेवारी, रविवार

संध्याकाळी बाबांचा फोन. पहिलाच प्रश्न, "बांबू धरतोस ना रे?"

धरतो, असं म्हणालो. खोटं नाही. टेम्पोतून उतरवताना मीच धरला होता.

मग म्हणाले, "आदी कमरंवर घे. हातावर घ्यायची घाई नको. हात बसला की बांबू सोताच सांगतो." मी म्हणालो, हो बाबा, कमरेवर चांगला बसतोय. हे वाक्य तोंडातून कसं गेलं कळलं नाही. फोनवर बाबा इतके खूश झाले की मागे घेता येईना. उद्यापासून कमरेवर घेतो, म्हणजे वाक्य खरं होईल. फक्त तारीख पुढेमागे.

गेममध्ये मालोजीची तलवार ५. लपणं १४. वाटेत दोन लांडगे लागले, म्हणून झुडपात बसावं लागलं. बसलं की वाढतं.

२५ जानेवारी

तलवार ५. लपणं २२. बोलणं १९. जडीबुटी २६.

मला हे काहीच नको आहे. मी तलवारीचा माणूस आहे. पण गेममध्ये रस्त्यावर पाला दिसतो, तो उचलला की जडीबुटी वाढते. न उचलून कसं चालेल? फुकट आहे. नाक्यावरचा शिपाई अडवतो, त्याच्याशी लढा किंवा बोला. बोललं की सोडतो. मग लढायचं कशाला? गेमच अशा वाटेने नेतो. एका वीर पुरुषाचा त्यांनी वैदू करून टाकलाय.

बांबू: उद्या सुट्टी आहे. उद्या पहाटे नक्की.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला जायचं होतं.

१ फेब्रुवारी, रविवार

बांबू तात्पुरता बाल्कनीत बसवला. अक्षदाची कपडे वाळत घालायची दोरी तुटली होती. ती म्हणाली, दोरी आणा. दोरी आणायला बाजारात जावं लागतं, बांबू समोर पडला होता. दोन खिळे, झालं. फक्त बाल्कनीच्या मापात बसवण्यासाठी पुन्हा कापावा लागला. निम्माच.

उरलेला निम्मा तुकडा प्रॅक्टिसला आहेच. तो पलंगाखाली नीट ठेवलाय.

रात्री जेवताना बाबांचा फोन. आज हातावर घेतला, असं सांगितलं. अक्षदा ताटावरून माझ्याकडे बघत राहिली. फोन ठेवल्यावर म्हणाली, "बाबांशी बोलताना तुमचा आवाज बदलतो. एकदम खरा वाटतो." मला हे कौतुक वाटलं. झोपताना वाटलं की नसावं.

१५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. उपास केला. उपासाच्या दिवशी बांबू धरू नये, चक्कर येते. संध्याकाळी साबुदाण्याच्या खिचडीने जरा जड वाटलं म्हणून पडून गेम खेळलो.

बोलणं ३८. मालोजी आता कुणालाही पटवतो. आज एका सावकाराला पटवून त्याचं घोडं घेतलं. तलवार ६. ती एकाने वाढली कारण घोड्यावरून उतरताना चुकून बटण दाबलं गेलं आणि एका कोंबडीला लागली.

२२ फेब्रुवारी, रविवार

महाडचा छबिना, म्हणजे देवाच्या पालखीची मिरवणूक, बघून आलो. गावोगावच्या काठ्या नाचताना बघितल्या. एक माणूस, माझ्याच वयाचा, दाढीला घाम, डोळे शेंड्यावर, ओठ मिटलेले. काठी त्याच्या तळहातावर अशी उभी की जणू तिला तिथेच राहायचंय. गर्दीत माझ्या शेजारी एक म्हातारा उभा होता. काठीवाला त्याचा मुलगा असावा. म्हाताऱ्याचा स्वतःचा उजवा हात हलत होता, खाली, मांडीजवळ.

मला तिथे थांबवेना. भजी न घेताच घरी आलो. पलंगाखालून बांबूचा तुकडा काढला, तळहातावर ठेवला. पंख्याला लागला. पंख्याचं पातं वाकलं.

उद्यापासून. या वेळी देवाशपथ.

२३ फेब्रुवारी

पंखा दुरुस्तीला नेला.

३ मार्च

शिमग्याला वाडीवर. दोन दिवस रजा.

आधी स्पष्ट लिहितो की हातावरचं क्रेप बँडेज हे फसवण्यासाठी नव्हतं. घराबाहेर पडताना वाटलं, वाडीवर सगळे म्हणतील दाखव धरून, आणि घाईत धरून बिघडवण्यापेक्षा हाताला विश्रांती दिलेली बरी. विश्रांती द्यायची तर बँडेज हवं. एवढंच.

पण बाबांनी दारातच बघितलं. त्यांचा चेहरा असा फुलला की मी पिशवी खाली ठेवायची विसरलो. म्हणाले, "बगा! हात किती चालवला पोरानं. अरे, येवडा नको चालवू. काठीला ताकद लागत नाय, धीर लागतो." मग माझा तो हात धरून येसाजी गावकरांकडे नेला. येसाजी म्हणजे आमच्या गावकीचे म्होरके, त्यांचा शब्द शेवटचा. अख्ख्या भावकीने माझं बँडेज बघितलं.

संध्याकाळी आईने चुलीवर तेल गरम केलं. "दुकतंय का रे हितं?" असं विचारत मनगट चोळत बसली. मी हो म्हणालो. काही दुखत नव्हतं. तेल मात्र फार छान लागत होतं, आणि आईची बोटं, आणि तिने मध्येच डोळे पुसले ते. म्हणाली, "तुज्या बापानं दोन वर्सं काठीचं नाव काढलं नवतं. आता दिवसभर तेच."

मला त्या वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं. पण आईने दुसरा हात मागितला.

४ मार्च

अजून वाडीवरच. सकाळी सोनबाकाका आले. बाबांचे चुलतभाऊ, भावकीत पुढचं घर त्यांचं. ओट्यावर बसून, चहा संपल्यावर, हळूच म्हणाले, "रावजीदादा, भरतचा हात दुखावलाय. आमचा राहुल मुंबईवरनं रजा टाकून यील म्हनतो. महिनाभर हात बसवील. पाळी तुमचीच, नाव तुमचंच. नुसता हाताशी म्हनून असूदे."

किती सरळ वाट होती. मी फक्त "बरं होईल काका" एवढं म्हणायचं होतं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. विचारलं नाही, नुसतं बघितलं. आणि मी म्हणालो, "काका, राहुलला कशाला त्रास? माझं झालंय जवळजवळ." वर पुन्हा दहा मिनिटं बोललो. कमरेचा तोल, वारा, दोऱ्यांचा ताण, सगळं. छबिन्याला बघितलेल्या त्या माणसाचं वर्णन केलं, फक्त त्याच्या जागी मी. सोनबाकाकांनी मान डोलावली आणि राहुलला रजा रद्द कर म्हणून फोन लावला. माझ्यासमोरच लावला.

बाबा उठून देवळाकडे गेले. परत आले तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. येसाजींना सांगून आले होते, "यंदा थोरली काडायची. माज्या बापानंतर माजा पोरगा."

थोरली.

दुपारच्या एसटीने महाडला आलो. जास्त लिहवत नाही.

८ मार्च, रविवार

शांतपणे विचार केला तर थोरली आणि धाकटीत फरक फक्त लांबीचा आहे. आणि वजनाचा. आणि वाऱ्याचा.

गेममध्ये आज भलताच घोळ झाला. मालोजीची एकूण लेव्हल ३० झाली. बोलणं, लपणं, पालापाचोळा, मासे शिजवणं, सगळं मिळून बेरीज. आता या गेमचा नियम असा की तुमची लेव्हल वाढली की समोरचे चोर-दरोडेखोरही तेवढेच वाढतात. ते लेव्हल ३०चे झाले. पण माझी तलवार ७. माळावर एका भुरट्या चोराने मालोजीला काठीने झोडून काढलं. आजोबांचं नाव असलेला माणूस चिखलात पडला आणि चोराने त्याचे जोडे काढून नेले.

हा अन्याय आहे. मी जे नको होतं ते वाढवलं, आणि त्याच्या हिशोबाने मला मार. संताप आला. गेमच्या फोरमवर मोठी पोस्ट लिहिली: तुम्ही खेळाडूंना नको ती स्किलं वाढवायला भाग पाडता. माणसाच्या मनात तलवार असते आणि तुम्ही त्याच्या हातात पाला देता.

पोस्टला भरपूर लाइक आले. चार जणांशी वाद घातला, चारही जण गप्प झाले.

१० मार्च

फोरमवर एकाने एका ओळीत विचारलंय की तलवार वापरून बघितली का.

असल्या लोकांना उत्तर देत नाही.

अक्षदाला सगळा प्रकार समजावून सांगितला. ती कपडे घडी करत होती. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे तुम्ही बोलून बोलून मोठे झालात, आणि आता तेवढाच मोठा कुणीतरी समोर उभा राहिला." मी म्हणालो, हो, बरोबर, हाच माझा मुद्दा आहे. ती म्हणाली, "मी गेमबद्दल नाही बोलत." आणि बाल्कनीत गेली.

नात्याची माणसं जरा तिरकस बोलतात. म्हणजे नाते गावची, तिच्या माहेरची. सासऱ्यांचंही तसंच आहे.

१९ मार्च

पाडवा. गुढी उभारायला काठी शोधली. पलंगाखालचा तुकडा कामी आला. उभी करताना अक्षदानेच धरली. माझ्याने तिरकी होत होती.

बाबांचा फोन. पाडव्याला थोरली आढ्यावरून खाली काढली. तेल लावलं, उन्हात ठेवली. आईच्या लुगड्याचं कापड पहिल्या वेढ्याला दिलंय. "रविवारी ये," म्हणाले. "एकदा हातात घेऊन बग. तिला तुजा हात कळूदे."

२२ मार्च, रविवार

गेलो नाही.

बाबांना सांगितलं, परवा चवदार तळ्यावर मेळावा होता, अजून गाड्या परतताहेत, रस्ता मिळत नाही. मेळावा शुक्रवारी झाला. कालच रस्ते मोकळे झाले होते.

शुक्रवारी मी ड्युटीवरून येताना ती माणसं बघितली होती. लांबलांबून आलेली, पार विदर्भातली. एक बाई, कडेवर पोर आणि हाताशी आणखी एक, अनवाणी, कुठे थांबायची लक्षणं नाहीत. ज्यासाठी आली होती तिथे पोचली. आणि मी त्यांच्या नावावर पोलादपूरला गेलो नाही. पोलादपूर. इथून एसटीत डोळा लागायच्या आत येतं.

हे लिहिलं नसतं तर बरं झालं असतं. पण पेनाने लिहिलंय.

२९ मार्च, रविवार

या रविवारी कंपनीत ऑडिट आहे असं सांगितलं. मी स्टोअरमध्ये आहे. ऑडिट जूनमध्ये असतं.

बाबा म्हणाले, "आसूदे. काम पैलं. तू धरशील, मला म्हाईत हाय." मग, "नायतर आसं कर, भरत. मीच येतो म्हाडला. खाली अंगनात धरून दाखव."

अर्धा तास बोललो. महाडची गरमी, त्यांचा खांदा, एसटीचे धक्के, सोसायटीचे नियम. शेवटी म्हणाले, "बरं, नाय येत."

फोन ठेवल्यावर मला विजयी वाटलं. अगदी क्षणभर. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

५ एप्रिल, रविवार

नदीकाठी गेलो. गुढीचा तुकडा घेऊन. खरंच गेलो.

कमरेला अक्षदाची जुनी ओढणी पट्टा म्हणून बांधली. तुकडा बसवला. उभा राहिला! हात सोडला. पडला. पुन्हा. पडला. एका वेळी मात्र हातावर ठेवला आणि तो मनात "मालोजी" म्हणेपर्यंत टिकला. मला एकदम कळलं की बाबा काय म्हणत होते. बांबू तळव्याला सांगतो, कुठे जायचंय ते. इतकं बारीक सांगतो की बोलत असलात तर ऐकू येत नाही.

जानेवारीत सुरू केलं असतं तर.

पाणी भरायला आलेला टँकरवाला बघून हसला. घरी आलो.

तसे अजून सहा दिवस आहेत. रोज दोन वेळा आलो तर.

८ एप्रिल

शिफ्ट. पाऊल दुखतंय. तलवार ८. बोलणं ५९.

१० एप्रिल, शुक्रवार. वाडीवर

उद्या जत्रा. आज संध्याकाळी देवळासमोर चाचणी झाली. जसं झालं तसं लिहितो.

थोरली आडवी ठेवलेली. मी विसरलो होतो केवढी आहे. शेंडा पिंपळाच्या सावलीच्या पलीकडे. वेढ्याला आईचं हिरवं लुगडं. बाबांनी त्यांच्या, म्हणजे मूळच्या आजोबांच्या, पट्ट्याने माझी कंबर बांधली. एका हाताने गाठ बसेना, म्हणून गाठ दातांनी ओढली. त्यांच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. नवा सदरा घातला होता, चाचणीला.

चौघांनी दोऱ्या धरल्या. काठी उभी केली. बुंधा पट्ट्यात आला आणि सगळं आभाळ माझ्या पोटावर बसलं. शेंडा लगेच देवळाकडे झुकला. सोनबाकाकांनी दोरीवर सगळं अंग टाकलं म्हणून कौलं वाचली.

कुणी काही बोललं नाही. तेवढ्या शांततेत मी खरं बोलू शकलो असतो. बाबांनी वाट बघितली, असं मला वाटतं.

मी बोललो. पण दुसरंच. म्हणालो, मित्रांनो, वारा आहे. मग म्हणालो, कंपनीत आम्हाला सेफ्टी शिकवतात. खाली बायकापोरं असतात, उद्या कौल पडलं तर देवाच्या नावाला बट्टा. मग, मला स्वतःलाच ऐकून आश्चर्य वाटलं, म्हणालो की मान एका घराचा नसतो, साऱ्या भावकीचा असतो. राहुलला नाही बोलावलं ही माझी चूक, पण सोनबाकाका आहेत, त्यांनी धाकटी धरावी, यंदा आमच्या पाळीत त्यांचं घर. वाटून घेऊ. वाटल्याने मान वाढतो.

येसाजींचे डोळे भरून आले. "पोरगा मनाचा मोठा हाय," म्हणाले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सोनबाकाका साठीचे आहेत. दोन फेऱ्या मारीन म्हणाले, तिसरीचं सांगत नाय.

थोरली चौघांनी उचलून परत देवळात नेली. आढ्याला बांधताना आईचं लुगडं सोडवून घ्यावं का असं एकाने विचारलं. बाबा म्हणाले, "ऱ्हाऊदे."

११ एप्रिल, शनिवार

जत्रा छान झाली. सगळे असंच म्हणाले.

सकाळीच येसाजींनी माझ्या हातात माईक दिला. इतकं चांगलं बोलणारा दुसरा कोण आहे वाडीत, म्हणाले. नाही म्हणता आलं नाही. मग दिवसभर मीच. हरवलेल्या चपला, महाप्रसाद, देणगीदार, ढोलपथकाचं स्वागत. लोक हसले, लोकांनी दाद दिली. मुंबईकरांनी मोबाईलवर शूट केलं.

दुपारी धाकटी निघाली. सोनबाकाकांच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या. मला पुकारायचं होतं ते येसाजींनी आधी समजावलं होतं. मी पुकारलं: यंदाची पाळी रावजी मालोजी यांच्या घरची, काठी धरताहेत सोनबा.

माझ्याच तोंडाने. कर्णे दोन्ही डोंगरांना लावले होते, आवाज खालच्या वाडीपर्यंत गेला.

बाबा कधी शेजारी येऊन उभे राहिले कळलं नाही. ते काठीकडे बघत होते. त्यांचा चांगला हात खाली, मांडीजवळ, हलत होता. मला तो छबिन्याचा म्हातारा आठवला.

फेरी संपल्यावर माझ्या कानाशी आले. म्हणाले, "भरत, माज्या बापाचं नाव घे एकदा. काठी नाय, तर नाव तरी जाऊदे डोंगराला."

मी घेतलं. कै. मालोजी यांनी थोरली नाचवली होती, त्यांच्या स्मरणार्थ. मोठ्याने, थांबून थांबून, आवाज थोडा कापरा. कापरा खराच होता, पण कर्ण्यातून तो मुद्दाम केल्यासारखा सुंदर वाटला. पुन्हा टाळ्या.

बाबा म्हणाले, "ब्येस बोलतोस रे. खरंच ब्येस. कुटं शिकलास येवडं?"

तुमच्याशी, फोनवर. हे उत्तर जिभेवर होतं. तीन महिने तीच तालीम केली होती, त्यांच्यावरच.

मी म्हणालो, "कंपनीत ट्रेनिंग असतं."

ते "आसं?" म्हणाले. आणि मान डोलावून देवळात गेले, आढ्याकडे बघत उभे राहिले.

१२ एप्रिल, रविवार. महाड

निघताना बाबांनी मला एसटीपर्यंत सोडलं. उतारावर एकदाच बोलले. "त्यो बांबू धाडून दे जमंल तवा. सरळ हाय. आपल्या बेटात परत तसा यायचा नाय."

हो म्हणालो. लगेच, सहज, खऱ्या आवाजात.

रात्री गेम उघडला. मालोजी आखाड्याच्या दारात उभा होता. समोर सरदार, लेव्हल ३१. दोन पर्याय. लढा. बोला.

बराच वेळ बघत बसलो. "लढा"वर बाण नेला. तलवार ८. मग "बोला" दाबलं. सरदार हसला, दार उघडलं. खाली अक्षरं आली: बोलणं ६१. अभिनंदन.

लॅपटॉप बंद केला. बाल्कनीत गेलो. बांबू आहे तिथेच आहे, दोन खिळ्यांवर, निम्मा. खिळे काढून तो खाली घ्यायचा, पलंगाखालचा तुकडाही घ्यायचा, दोन्ही एसटीने वाडीवर न्यायचे आणि बाबांसमोर ठेवून गप्प उभं राहायचं, असं ठरवलं. एक शब्द बोलायचा नाही.

पण अक्षदाने त्यावर ओले कपडे टाकलेत. माझाच जत्रेचा सदरा आहे.

वाळला की काढतो.